थरथर कुठून येते? : तिरुविसनल्लूरमधले चार दिवस

आज क्लचवर बोलायचं ठरलं होतं, पण क्लच पुढच्या भागात. आज एका थरथरीची गोष्ट सांगतो. घरापासून हजार किलोमीटरवर, सगळी गॅरेजं बंद असताना, जीपच्या खाली पाठ टेकून मी ती शोधली. त्यात एक दिवस चुकीच्या दिशेनं गेला, तोही सांगणार आहे. व्हिडिओत मी बऱ्याच गोष्टी हातानं करून दाखवल्या होत्या, पुस्तकात शब्दांवर भागवायचं आहे. तेव्हा मधेमधे थांबून एखादी पेन्सिल हातात धरून फिरवून बघितलीत तर सोपं जाईल.

आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. तंजावरच्या मराठ्यांवर त्यांचा फार जीव. त्यांना तंजावरचा राजवाडा बघायचा होताच, पण त्याहून जास्त ओढ होती ती कुंभकोणमजवळच्या तिरुविसनल्लूरची. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, त्यांचे चिरंजीव शहाजी हे १६८४ ते १७१२ तंजावरच्या गादीवर होते. या शहाजींनी १६९३ साली हे गाव चाळीसहून जास्त पंडितांना दान दिलं. तेव्हा त्याचं नाव शाहजीराजपुरम असं ठेवलं गेलं. ‘जानकीपरिणय’ लिहिणारे रामभद्र दीक्षित इथले. ज्यांना सगळे अय्यावाळ म्हणतात ते श्रीधर वेंकटेशही इथलेच. ‘शाहेंद्रविलास’ हे शहाजींवरचं काव्य अय्यावाळांचं. आप्पा म्हणायचे, ‘तलवारीनं मिळवलेली गावं सगळे सांगतात. दिलेलं गाव एकदा बघून यायचंय.’

विमानानं किंवा रेल्वेनं जाता आलं असतं. पण आमची जीप १९८०च्या दशकातली, डिझेलवरची. आप्पांनीच घेतलेली. ‘याच गाडीनं जायचं’ हा हट्टही त्यांचाच. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कोल्हापूर सोडलं. बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळुरू, सेलम, तिरुचिरापल्ली असं करत १३ तारखेला संध्याकाळी पोचलो. परतायचीही घाई होती, कारण २१ तारखेला आप्पांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं.

थरथर मात्र पहिल्या दिवसापासून होती. जीप थरथरतेच, असं म्हणून मी सोडून दिलं. चित्रदुर्गाच्या पुढं रस्ता गुळगुळीत लागला तेव्हा लक्षात आलं की ही नेहमीची थरथर नाही. ताशी ४५ च्या पुढं गेलं की पायाखालच्या पत्र्यातून एक बारीक, एकसारखी गुणगुण यायची. ५५ ला दातांत झिणझिण्या येत. सेलमला टायरवाल्याकडून चारही चाकं बॅलन्स करून घेतली. पैसे गेले, गुणगुण राहिली.

१४ तारखेला सकाळी जीपखाली वाकून पाहिलं तर मातीवर तेलाचे पाच-सहा काळे ठिपके. ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडातून, जिथून मागच्या चाकांकडे शाफ्ट निघतो तिथून, तेल पाझरत होतं. आता हसून सोडण्यासारखं काही राहिलं नव्हतं. शाफ्टच्या थरथरीनं तिथलं ऑईल सील मार खात होतं. आणि खरी भीती सीलची नव्हतीच. जीपमध्ये हा शाफ्ट आपल्या बसण्याच्या जागेखालूनच जातो. चालत्या गाडीत त्याचा पुढचा सांधा तुटला तर शाफ्टचं मोकळं टोक रस्त्यात रुतू शकतं, नाहीतर पत्रा फोडून आत येऊ शकतं. मागच्या सीटवर, बरोबर त्याच्या वर, आप्पा बसत होते.

त्यात दिवस कुठला, तर भोगीचा. दुसऱ्या दिवशी पोंगल, मग माट्टु पोंगल, मग काणुम पोंगल. कुंभकोणमच्या गॅरेजांना कुलपं. आप्पांना रेल्वेनं धाडावं म्हटलं तर सणाच्या गर्दीत तिकीट नाही, आणि आप्पांची तयारी तर अजिबातच नाही. आमचे यजमान तंजावरी मराठी बोलणाऱ्या घरातले, सत्तरीचे काका. त्यांची मराठी ऐकताना आप्पा तर जेवायचं विसरायचे. काकांनी चार ठिकाणी फोन केले, उत्तर एकच आलं: सतरा तारखेनंतर.

मग ठरवलं, निदान कुठं दुखतंय ते तरी आपण शोधू.

आता जरा मुद्द्याकडे येतो. चालत्या गाडीत फिरणाऱ्या गोष्टी मुख्यतः तीन: चाकं, शाफ्ट आणि इंजिन. तिघांची फिरायची गती वेगवेगळी. त्यामुळे थरथर सेकंदाला किती वेळा होते हे कळलं, तर ती कुणाची हे बऱ्याच अंशी कळतं. वैद्य नाडी बघतो तसंच हे. फक्त त्याआधी प्रत्येकाची नाडी किती हे हिशेबानं काढून ठेवावं लागतं.

चाकापासून सुरुवात केली. टायरवर खडूची खूण केली, गाडी ढकलून चाक एक पूर्ण फेरा फिरवलं आणि जमिनीवरचं अंतर टेपनं मोजलं. सव्वादोन मीटर भरलं. ताशी ५० म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. भागाकार केला, चाक सेकंदाला सहाच्या थोडं वर फेरे घेतं. आता हे लक्षात घ्या, सेकंदाला सहा हलके म्हणजे गुणगुण होत नाही. ते हाताला, सीटला गदगदल्यासारखं जाणवतं. चाकाच्या बॅलन्समुळे होणारा त्रास असा असतो. सेलमला हा हिशेब केला असता तर पैसे वाचले असते.

शाफ्ट किती फिरतो हे डिफरन्सियलवर अवलंबून. गाडीच्या कागदात ते नसेल, तर एक सोपी युक्ती सांगतो. गाडी न्यूट्रलला ठेवायची, मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवर. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्टवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजायचे. दोन फेरे अशासाठी, की एक चाक थांबलेलं असताना डिफरन्सियल दुसऱ्याला दुप्पट फिरवतं. माझ्या जीपमध्ये शाफ्ट पाच फेरे पुरे करून सहाव्याचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त फिरला. म्हणजे ५.३८, जुन्या जिपांमधला ओळखीचा आकडा.

इथं एक सावधगिरी, आणि ही खरोखर मनावर घ्या. माझ्यासारख्या जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसमागे शाफ्टच्या तोंडाशी असतो. मागचं एक चाक उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते, कारण उचललेलं चाक उलटं फिरून वाट करून देतं. वर हे फेरे मोजताना तर हँडब्रेक सोडावाच लागतो. तेव्हा बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय खाली जायचं नाही, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर तर कधीच नाही. मी लाकडी ठोकळे लावले होते.

तर ताशी ५० ला चाकाचे ६.२ फेरे, गुणिले ५.३८, म्हणजे शाफ्टचे सेकंदाला तेहेतीसच्या थोडे वर फेरे. टॉप गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीनं फिरतात, म्हणून इंजिनाचेही तेवढेच. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे इंजिनाचा ठोका सेकंदाला ६६. गोंधळ इथंच होतो. टॉपमध्ये असताना शाफ्टचा आवाज आणि इंजिनाचा आवाज एकमेकांत मिसळतात.

हे सगळं मी ओट्यावर बसून वहीत लिहीत होतो. काका कॉफीचा डबरा घेऊन आले आणि शेजारी बसले. काकांचं घर गाणारं. त्या भागातल्या भजनपरंपरेत आपले अभंग गायले जातात, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आकडे बघून ते म्हणाले, सेकंदाला इतके म्हणजे स्वरच झाला की. आणि आत जाऊन त्यांनी छोटी इलेक्ट्रॉनिक श्रुतीपेटी आणली.

भोगीच्या दिवशी दुपारी कावेरीकाठच्या सपाट रस्त्यावर आम्ही निघालो. मी चालवतोय, काका शेजारी पेटी मांडीवर घेऊन, डोळे मिटून. ५० वर गाडी स्थिर केली. त्यांनी पेटीचा कान पिळत पिळत आवाज गुणगुणीशी जुळवला आणि बोट वर केलं. कट्टै एक. आपल्याकडे ज्याला पांढरी एक म्हणतात तोच स्वर, किंचित चढा. ६६ हा आकडा त्या स्वराच्या खर्जाजवळच येतो.

मग मी वेग तोच ठेवून तिसरा गिअर टाकला. माझ्या जीपमध्ये तिसऱ्यात इंजिन टॉपच्या साधारण दीडपट फिरतं. दीडपट म्हणजे षड्जाचा पंचम. इंजिन उठून पंचमावर गेलं आणि खालचा सा होता तिथंच राहिला! काका चालत्या जीपमध्ये हसायला लागले. नंतर रस्ता मोकळा बघून क्षणभर न्यूट्रल केलं. इंजिनाचा आवाज बसला, पत्र्यातला सा तसाच चालू.

या दोन मिनिटांत निम्मं काम झालं होतं. वेग तोच असताना गिअर बदलल्यावर जी थरथर बदलत नाही, ती इंजिनाची नाही आणि क्लचचीही नाही. ती गिअरबॉक्सच्या मागची. चाक तर आधीच बाद झालं होतं. उरला शाफ्ट आणि त्याच्या दोन टोकांचे सांधे.

शाफ्टची थरथर दोन प्रकारची असते. शाफ्ट एका अंगाला जड असेल, वाकला असेल, त्यावर चिखल वाळला असेल, तर दर फेऱ्याला एक हिसका बसतो. सांध्यांची जुळणी चुकली असेल तर दर फेऱ्याला दोन. म्हणजे ५० च्या वेगाला एकतर ३३ किंवा ६६. गंमत अशी की ३३ आणि ६६ हे एकाच स्वराचे दोन सप्तकांतले सा. एवढ्या खालच्या पट्टीत, पत्र्याच्या घरघरीत, कुठला सा ते कान छातीठोक सांगू शकत नाही. काकांनीही तसं स्पष्ट सांगितलं.

म्हणून दुसऱ्या दिवशी, पोंगलला, मी फोन काढला. फोनमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतो आणि त्याचा आलेख दाखवणारी ॲप्स फुकट मिळतात. शाफ्टच्या वरच्या पत्र्यावर फोन पक्का चिकटवला, वेग फोनच्या जीपीएसवर बघितला (जीपच्या काट्यावर माझा विश्वास नाही), ५० ला न्यूट्रल करून काही सेकंद नोंद घेतली. आलेखात एकच उंच शिखर: ३४.

झालं. ३३ च्या अगदी जवळ. शाफ्ट एका अंगाला जड आहे, निकाल लागला. मी खूश.

एका अंगाला जड शाफ्ट रस्त्यावर तपासायची एक जुनी पद्धत आहे. स्क्रूनं आवळायची होज क्लिप असते ना, रबरी नळीवर लावतात ती, ती शाफ्टवर आवळायची. तिच्या स्क्रूचा भाग जड, तेच वजन. स्क्रू वर, उजवीकडे, खाली, डावीकडे असा चार ठिकाणी फिरवून प्रत्येक वेळी गाडी पळवायची. एका जागी थरथर कमी होते, समोरच्या जागी वाढते. मी शाफ्ट आधी धुऊन काढला, मग चारही जागा झाल्या, मग दोन क्लिपा लावून पुन्हा चारही जागा झाल्या. दारोदारी कोलम घातलेले, लोक नवे कपडे घालून देवळात चाललेले, आणि मी दर अर्ध्या तासानं ग्रीसनं माखून गाडीखालून बाहेर येतोय. शिखर ३४ वरून हललं नाही. कमी नाही, जास्त नाही.

आप्पा त्या दिवशी शिवयोगीनाथाच्या देवळात होते. तिथल्या भिंतीवर दगडात कोरलेलं अर्धवर्तुळाकार सूर्यघड्याळ आहे. आप्पा त्याच्यापुढं पाऊण तास उभे राहून मनगटावरच्या घड्याळाशी ताडा करत होते. आल्यावर मला म्हणाले, ‘त्या घड्याळात काट्याची सावली खोटं बोलत नाही. वाचणारा चुकतो.’ मला तेव्हा ते टोचलं. मी काही बोललो नाही.

रात्री कोल्हापूरला आमच्या मिस्त्रींना फोन लावला. चाळीस वर्षं त्यांनी ही जीप सांभाळली. नजर अधू झाल्यावर त्यांनी काम बंद केलं, म्हणून निघण्याआधी मी शाफ्टचे क्रॉस दुसऱ्या एका गॅरेजमध्ये बदलून घेतले होते. हे त्यांना सांगताना मला जरा चोरट्यासारखं झालं. त्यांनी ते ऐकलं, पण त्यावर काही न बोलता विचारलं, ‘फकस्त पन्नासलाच मोजलंसा व्हय? चाळीसला काय दावतंय?’

मोजलंच नव्हतं. हिशेब पन्नासचा केला, म्हणून मोजलंही पन्नासलाच.

१६ तारखेला पहाटे उजाडायच्या आत पुन्हा रस्त्यावर गेलो. ४० ला फोननं दाखवलं ४७. ४५ ला ४०. ५० ला ३४. ५५ ला २७. मी आकडे मिस्त्रींना वाचून दाखवले. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘दादा, गाडी पळवल्यावर थरथर हळू व्हती? असं कुटं असतंय? तुमचा फोन येडा हाय.’

फोन वेडा नव्हता, पण मिस्त्रींचा प्रश्न अगदी बरोबर होता. वेग वाढला की शाफ्ट जोरात फिरणार, थरथरीचा आकडा वाढलाच पाहिजे. तो उलटा चालला होता. असं कुठं दिसतं? सिनेमात. पडद्यावर टांगा जोरात सुटतो आणि चाकाच्या आऱ्या उलट्या फिरताना दिसतात. कॅमेरा सेकंदाला ठरावीक फोटो घेतो. दोन फोटोंच्या मधे आरी जवळजवळ पुढच्या आरीच्या जागी पोचली, तर आपल्याला ती थोडी मागे सरकल्यासारखी वाटते. माझ्या फोनचा सेन्सर सेकंदाला १०० नोंदी घेत होता. अशा मापात सेकंदाला ५० पर्यंतची थरथर खरी दिसते. त्याच्या वरची घडी पडल्यासारखी उलटते: शंभरातून वजा होऊन दिसते.

आता ते चार आकडे शंभरातून वजा करून बघा. ४७ चे ५३, ४० चे ६०, ३४ चे ६६, २७ चे ७३. वेगाबरोबर सरळ चढत जाणारे, आणि प्रत्येक आकडा त्या त्या वेगाच्या शाफ्टच्या फेऱ्यांच्या बरोबर दुप्पट. माझं दुर्दैव एवढंच की १०० वजा ६६ हे ३४ होतात आणि ते ३३ च्या शेजारी बसतात. दुसरा कुठलाही वेग निवडला असता तर तेव्हाच डोळे उघडले असते. खात्रीसाठी त्याच फोनचा माइक पत्र्याजवळ धरून आवाजाचा आलेख काढला. माइक सेकंदाला हजारो नोंदी घेतो, त्याला ही अडचण नाही. ५० ला ६६ चं शिखर होतं, ३३ ला जवळजवळ सपाट.

दर फेऱ्याला दोन हिसके, म्हणजे सांध्यांची जुळणी. हे का होतं ते नीट समजून घेऊ, कारण गॅरेजमध्ये सर्वांत जास्त चुका इथं होतात.

शाफ्टच्या दोन टोकांना जे सांधे असतात त्यांच्यात अधिक चिन्हासारखा एक तुकडा असतो, त्यालाच सगळे क्रॉस म्हणतात. क्रॉसचे दोन पाय एका फोर्कमध्ये, दोन दुसऱ्या फोर्कमध्ये. यामुळे शाफ्ट वाकड्या कोनातही फिरू शकतो. सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावानं हा सांधा ओळखला जातो. त्याच्यात एक खोड जन्मजात आहे. आत येणारा दांडा एकसारख्या गतीनं फिरत असला तरी कोनात बाहेर पडणारा दांडा एकसारखा फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढं पळतो, दोनदा मागं रेंगाळतो. माझ्या जीपमध्ये हा कोन साधारण १२ अंशांचा. ट्रान्स्फर केस मिनिटाला २,००० फेऱ्यांनी शाफ्ट फिरवत असेल, तर शाफ्ट प्रत्यक्षात १,९५६ ते २,०४५ यांच्या मधे मागेपुढे होत फिरतो. कोन जितका जास्त, तितकं हे वाढतं. जीपचा शाफ्ट आखूड, म्हणून कोन मोठा.

यावरचा उपाय म्हणजे दुसऱ्या टोकाला दुसरा सांधा. पहिला जेव्हा पुढं पळवतो तेव्हा दुसरा तितकाच मागं खेचतो, आणि डिफरन्सियलला सरळ, एकसारखी गती मिळते. मात्र अटी दोन. दोन्हीकडचे कोन सारखे हवेत, आणि शाफ्टच्या स्वतःच्या दोन टोकांचे फोर्क एकाच पातळीत हवेत. एक उभा तर दुसराही उभा. पेन्सिलीच्या दोन टोकांना दोन टाचण्या एकमेकींना समांतर टोचा, म्हणजे चित्र डोळ्यापुढं येईल.

जीपचा शाफ्ट अखंड नसतो. पाटे वरखाली होताना त्याची लांबी कमीजास्त व्हावी लागते, म्हणून मधे दातेरी सरकता सांधा असतो. क्रॉस बदलताना तो निसटला आणि एक दाता चुकवून परत घातला, की फोर्क तिरपे झाले. म्हणूनच दोन्ही तुकड्यांवर बाणाच्या खुणा कोरलेल्या असतात. बाणासमोर बाण.

मिस्त्री म्हणाले, ‘बाण बघा.’ बाण दिसेनात. गॅरेजवाल्यानं काम झाल्यावर शाफ्टला झकास काळा रंग मारून दिला होता. फोटो पाठवले तर त्यांच्या नातवाला त्यात काही कळेना. गाडीखालून काढलेल्या फोटोत सगळंच तिरपं दिसतं. तेव्हा फोनचाच आणखी एक उपयोग केला. त्यातलं पातळी मोजायचं ॲप उघडून पुढच्या फोर्कच्या बेअरिंगच्या टोपीवर फोन टेकवला आणि ती बरोबर आडवी येईपर्यंत शाफ्ट फिरवला. मग शाफ्ट न हलवता मागच्या फोर्कच्या टोपीवर टेकवला. २२ अंश.

दाते सोळा होते. ३६० भागिले १६ म्हणजे साडेबावीस. नेमका एक दाता.

एका दात्यानं काय बिघडतं, असं वाटेल. हिशेब असा आहे: एक दाता चुकला की पहिल्या सांध्याची खोड जेवढी, तिच्या पाऊणपटीहून जास्त शिल्लक राहते. म्हणजे दुसरा सांधा असून नसल्यासारखा. बरोबर काटकोनात चुकला असता तर खोड दुप्पट झाली असती. तेवढी चूक डोळ्यांना लगेच दिसते. एक दाता दिसत नाही, हीच अडचण.

काढण्याआधी मिस्त्रींनी आणखी एक परीक्षा सांगितली. माझी जीप फोर-व्हीलची आहे. मागचा शाफ्ट पूर्ण काढायचा, फोर-व्हीलचा लिव्हर टाकायचा आणि नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी चालवून बघायची. गुणगुण गेली तर दोष मागच्या शाफ्टचाच. मी तसं केलं. स्टिअरिंग जड झालं, वळताना गाडी कुरकुरली, पण ५० ला पत्रा गप्प. (हे करणाऱ्यांसाठी: शाफ्ट काढल्यावर गाडी टू-व्हीलवर असेल तर हँडब्रेकचा उपयोग शून्य. पुन्हा दगड.)

मग देवळामागच्या पिंपरणीच्या सावलीत गोणपाट टाकून शाफ्ट उघडला. रॉकेलच्या फडक्यानं रंग खरवडला, बाण निघाले. एकमेकांपासून एक दाता लांब. दाते पुसले, बाणासमोर बाण आणून बसवला. ग्रीस भरायला गन नव्हती. त्या दिवशी माट्टु पोंगल, बैलांची शिंगं रंगवून माळा घातलेल्या, आणि शेजारच्या शेतकऱ्यानं ट्रॅक्टरलाही तशीच माळ घातली होती. मला तमिळ येत नाही, त्यांना मराठी येत नाही. ‘क्रॉस’ आणि ‘ग्रीस’ या दोन शब्दांवर काम झालं. ग्रीस गन घेऊन ते स्वतःच आले, निपलांना ग्रीस दिलं आणि मागच्या क्रॉसच्या चारही टोकांतून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत थांबले. नव्या क्रॉसमध्ये ग्रीस नीट भरलेलंच नव्हतं, हेही तेव्हाच समजलं. आणखी हजार किलोमीटर तसाच गेलो असतो तर काय झालं असतं, ते मी आप्पांपुढं बोललो नाही.

संध्याकाळी काका पुन्हा पेटी घेऊन बसले. ५०, मग ५५, मग ६०. त्यांनी पेटी लावून ठेवली होती, पण जुळवायला समोर काही नव्हतं. टॉपमध्ये इंजिनाचा सा तेवढा ऐकू येत होता, तो असणारच. न्यूट्रलला वाऱ्याचा आवाज.

तेल लगेच थांबलं नाही. एकदा मार खाल्लेलं सील पुन्हा धड होत नाही. रात्री जीपखाली वर्तमानपत्र पसरलं, सकाळी दोन ठिपके होते. ट्रान्स्फर केसची पातळी बघून नव्वद नंबरचं ऑईल भरलं, एक डबा बरोबर घेतला आणि दर दोनशे किलोमीटरला थांबून पातळी तपासायची असं ठरवून १७ ला निघालो. आप्पांना मी अखेरचं विचारलं, तिरुचिरापल्लीहून रेल्वेचं बघू का? ते आधीच मागच्या सीटवर, त्यांच्या नेहमीच्या जागी, शाफ्टच्या बरोबर वर बसले होते.

१९ ला रात्री कोल्हापूर. वाटेत पाऊण लिटर ऑईल लागलं. सील पुढच्या आठवड्यात बदललं, त्याच्या आधी आप्पांचा डोळा झाला. मिस्त्री काठी टेकत जीप बघायला आले, खाली वाकता येत नाही म्हणून मलाच आत पाठवलं आणि पंच नि हातोडी हातात दिली. बाणांच्या शेजारी, रंगानं बुजणार नाही इतकं खोल, दोन्ही तुकड्यांवर एकेक टिंब ठोकून घेतलं.